घड्याळाच्या स्क्रूमुळे काडतुसाची ठरलेली बंदूक

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
जुनी शस्त्रे ओळख विभाग,
दुसरा मजला, खिडकी शेवटची.

विषय : दादाची बंदूक चकमकीची आहे, काडतुसाची नाही, असा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे सर्व अर्ज व त्यांवरील आपला शेरा, ‘काडतूस जोडलेले नाही’.

महोदय,

वरील विषयी नम्रपणे कळविते की, माझे थोरले बंधू घड्याळे दुरुस्त करतात. दुकानाच्या भिंतीवर आजोबांच्या वेळची एक बंदूक टांगलेली असे. ती आपल्या माणसांनी नेली आणि सोबत दादालाही ठाण्यात नेले. ज्या बंदुकीचे काडतूस बनतच नाही ती नियमाने जुनी वस्तू समजतात, तिला परवाना लागत नाही. म्हणजे दाखला मिळाला की दादा सुटणार, असे ठाणेदारसाहेब स्वतः म्हणाले.

१. बंदूक तोड्याची असती तर पेटती वात धरायचा चिमटा दिसला असता. टोपीची असती तर टोपी बसवायची बोंडी दिसली असती. हिच्या घोड्याच्या जबड्यात चकमकीची गारगोटी आहे. ती पोलादावर आपटते, ठिणगी बाजूच्या वाटीतल्या दारूवर पडते. दारू आणि गोळी दोन्ही तोंडाकडूनच ठासायची. मागे काही उघडतच नाही.

२. आपल्या तपासनीसांनी मात्र ‘मागून काडतूस भरण्याची सोय’ असे लिहिले. तो मागचा चकचकीत स्क्रू भिंतीवरच्या घड्याळाचा आहे. जुना गंजून पडला म्हणून दादाने बसवला. दादाच्या हाताला गंज सोसत नाही. त्याने नळीही अशी घासली की तपासनीस म्हणाले, “बाई, ही जुनी? ही तर माझ्यापेक्षा तरुण दिसते!” सगळे हसले. मीही हसले.

३. आपल्या खिडकीवरील भाऊसाहेब सांगतात, “कोणतं काडतूस लागतं ते आणून दाखवा, मग लागत नाही असं लिहून देतो.” काडतूस आणले तर मलाही दादाशेजारी बसवतील. नाही आणले तर अर्ज अपुरा. भाऊसाहेब माणूस वाईट नाहीत, मला बसायला स्टूल देतात. देव त्यांचे भले करो.

कीर्तनात बुवा म्हणतात, पूर्वरंग लांबला की उत्तररंगाला श्रोते उरत नाहीत. माझे तसेच झाले. खरे सांगायचे ते मागेच राहिले. आमची आई अंथरुणाला खिळली होती. दादा कुठे, असे विचारी. कीर्तनाला गेलाय, असे मी सांगे. ती म्हणे, “मोठं रंगलेलं दिसतंय, येऊ दे सावकाश.” म्हणून प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर मी लाल शाईने ‘तातडीचे’ लिहीत होते.

आई परवा सकाळी गेली. शेजाऱ्यांनी सगळे केले. दादाला अजून कळवलेले नाही. सुटून आल्यावर दारातच सांगेन म्हणते.

तरी मागील सर्व अर्जांवरील ‘तातडीचे’ हा शब्द कृपया खोडावा. बाकी मागणी तीच आहे.

आपली नम्र, आता सवड असलेली,
घड्याळवाल्याची धाकटी बहीण

दिनांक : आपला आवक शिक्का पडेल तो.

सोबत : घोड्यात बसणारी जादा गारगोटी एक, चामड्यात गुंडाळलेली.
काडतूस नाही.