पट्टीचं जुनं टोक

४ फेब्रुवारी

पोटात दुखतंय असं सांगून बघितलं. दाजी जेवता जेवता म्हणाले, ‘मागच्या बोटीच्या वेळी दाढ, त्याच्या आधी डोकं. खाली खाली सरकतंय तुझं दुखणं. पुढच्या बोटीला घोटा दुखणार.’ सगळे हसले. मीपण हसलो. बोट गेली.

खोटं नव्हतं पण. पोटात खरंच गोळा येतो. चारी बाजूंनी समुद्र. आधीच्या तीन नोकऱ्या सोडल्या तेव्हा निदान रस्ता होता, पिशवी उचलली की सुटलो. इथं पंधरा दिवसांनी बोट. आणि दाजींनी माझ्यासाठी शब्द टाकलाय – ते पोकलेन चालवतात, मी रोलर. जुनी विमानपट्टी रुंद करायचं काम. पळालो तर ताईला काय तोंड दाखवू?

त्याच बोटीतून एक बाई आल्या. सात खोकी नुसते कागद. दुसऱ्या महायुद्धात या महासागरातल्या बेटांवर विमानांच्या तुकड्या होत्या, त्यातली एक इथं होती. तिच्यावर पुस्तक लिहितायत. गुडघा अधू, म्हणून खोकी उचलायला साहेबांनी मला दिलं. बाईंनी विचारलं, ‘कितवी झालास?’ म्हटलं, सातवी, अर्धी. ‘अर्धी कशी?’ म्हटलं, सहामाहीनंतर गेलोच नाही. ही वही त्यांनीच दिली. म्हणाल्या, तुकडीचा कारकून रोज एक ओळ लिहायचा, तूपण लिही.

एक ओळ म्हणाल्या होत्या. झालं हे एवढं.

५ फेब्रुवारी

बाईंनी विचारलं, ‘या जमिनीबद्दल तुला काय माहीत आहे?’ मी सांगितलं – पट्टीवर एक जागा आहे, फुटक्या टाकीजवळ, तिथं रोलरचा सूर बदलतो. अलीकडे खणखणीत, पलीकडे मऊ. वरून डांबर सगळं सारखंच, पण बुडाला कळतं. दाजी तिथंच होते. म्हणाले, ‘बाई, लिहून घ्या. बुडानं जमीन ओळखणारा एकटाच आहे बेटावर.’ बाई हसल्या. लिहून नाही घेतलं.

७ फेब्रुवारी

बाईंनी कारकुनाची वही वाचून दाखवली.

वारा. चार गेली, तीन आली.
पाऊस. कुणी गेलं नाही.
चार गेली, चार आली. आचाऱ्यानं गोड केलं.

बस, एवढंच. मला वाटलं होतं लढाईचं काहीतरी असेल. पण दुपारभर डोक्यात तेच – चार गेली, तीन आली. ज्या दिवशी चौथं विमान आलं नाही, त्या दिवशी त्याचा मेकॅनिक दिवे लागेपर्यंत पट्टीच्या टोकावर उभा होता म्हणे. विमान चालवणारा एकोणीस वर्षांचा. माझ्यापेक्षा तीनने लहान.

८ फेब्रुवारी

शेवटचं पान. ‘निघायचा हुकूम. बासष्ट बॉम्ब नेता येत नाहीत. टोकापासून सरळ पुढे तीनशे पावलांवर पुरले.’

बाई वाचता वाचता थांबल्या. मग साहेबांना बोलावलं. साहेब आधी चिडले, मग घामाघूम झाले. लगेच मोजायला निघालो. बाईंचा गुडघा, साहेबांचं पोट – पावलं मीच मोजली. पट्टी संपते तिथं पाय जुळवून उभा राहिलो आणि चालत सुटलो. तीनशे. तिथं लाल झेंडे लावले. परत येताना पायाखाली जमीन आहे की नाही, असं वाटत होतं.

१० फेब्रुवारी

काल खास लाँचनं शोधपथक आलं. झेंड्यांच्या आत दोन दिवस यंत्र फिरवलं. काही नाही. पथकातला म्हातारा म्हणाला, ‘मागेच कुणीतरी उचलून नेले असतील.’ आज संध्याकाळी गेलेपण. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

मी एकटाच अजून घाबरलेलो. का, ते सांगता येत नाही.

११ फेब्रुवारी

दाजींनी चारी खोदायला घेतली. पट्टीच्या टोकापुढे शंभर पावलांवर, आडवी, पावसाचं पाणी समुद्रात काढून द्यायला. निघणारी माती गाडीतून माझ्याकडे भरावाला येते, पट्टीच्या कडेला. ती मी दाबतो.

दुपारच्या गाडीत मोठा दगड आला असणार. दोनदा रोलर अडखळला. तिसऱ्यांदा रोलरचा कंप चालू करून गेलो तेव्हा दगड आत बसला. साहेबांनी बघितलं, ‘शाब्बास’ म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

१२ फेब्रुवारी

वारा. काम चालू.

१३ फेब्रुवारी

नीट लिहितो.

बाईंनी आज फोटो दाखवला. तोच मेकॅनिक, विमानाची वाट बघत उभा. ‘चेहरा बघ त्याचा,’ म्हणाल्या. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. पायाशी पट्टी संपते आणि गवत सुरू होतं. आणि मागे टाकी. आपलीच टाकी, ज्यावर आम्ही कपडे वाळत घालतो. तेव्हा फुटकी नव्हती, एवढाच फरक.

म्हणजे तेव्हाचं टोक तिथं होतं. जिथं माझ्या रोलरचा सूर बदलतो तिथं. पुढचा मऊ भाग नंतर कुणीतरी वाढवलाय. मी जाऊन मोजलं – जुन्या टोकापासून आजच्या टोकापर्यंत दोनशे पावलं. तीनशेतून दोनशे गेले, राहिले शंभर. शंभरवर दाजींची चारी.

पावलं मी मोजली होती. चुकीच्या टोकावर पाय मीच जुळवले होते. ज्याच्या बुडाला माहीत होतं, त्यानंच!

१४ फेब्रुवारी

आधी दाजींना सांगितलं. ते पोकलेनला ग्रीस लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘घोट्याचं मी सांगितलं होतं. तू तर थेट बॉम्बपर्यंत गेलास.’ मी म्हटलं, ताईची शपथ. तेव्हा थांबले. पण म्हणाले, ‘तुझ्या ताईनं मला एकच गोष्ट सांगितलीय – याला टिकवा. आता काम बंद पडलं तर तू पहिल्या बोटीला घरी असशील, आणि तुला तेच पाहिजे.’

दहा दिवसांपूर्वी खरंच तेच पाहिजे होतं.

बाईंना पटलं. पांढऱ्या पडल्या. फोटो घेऊन लंगडत साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, ‘बाई, तुम्ही पुस्तक लिहा, मला चारी खोदू द्या. पथकानं लिहून दिलंय, जागा साफ आहे.’ बाई म्हणाल्या, वरती कळवते, चार दिवस थांबा. साहेब म्हणाले, सकाळी सातला पोकलेन चालू.

सकाळी ताईचा फोन आला होता. ‘तुझे दाजी जेवतात ना वेळेवर?’ हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी

साडेसहालाच रोलर काढला. पट्टीवरून खाली उतरवला आणि चारीची जिथं पुढची खूण होती तिथं आडवा नेऊन लावला. चावी काढून खिशात टाकली. बसून राहिलो.

बसल्यावर लक्षात आलं – दहा टनाचा रोलर मी नक्की कशावर आणून ठेवलाय. उतरायचं म्हटलं असतं तरी उतरता आलं नसतं.

साहेब ओरडत आले. ‘उतर खाली.’ नाही म्हटलं. ‘चावी दे.’ नाही. ‘पुढच्या बोटीनं तुझी रवानगी.’ म्हटलं, करा. मग दाजी आले, तेही आधी भडकले – ‘अक्कल गहाण टाकलीस का? माझ्या नावावर आलायस इथं, माझ्या.’ जवळ येऊन माझ्याकडे बघत राहिले. माझे दात वाजत होते, ऊन असून.

मग गेले आणि पोकलेन बंद केली. साहेबांना म्हणाले, ‘साहेब, याला मी लहानपणापासून ओळखतो. हा घाबरला की पळतो. आज घाबरून बसलाय. मी खोदणार नाही.’

साहेबांनी टोपी काढली, परत घातली. मग फोन लावायला गेले.

दाजींनी हात धरून मला उतरवलं.

१९ फेब्रुवारी

पथक परत आलं. यंत्र रोलरपासून चार पावलांवर ओरडायला लागलं आणि थांबेचना.

२२ फेब्रुवारी

आम्ही सगळे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, मासळीच्या शेडमध्ये. बाईंना बातमी येते, त्या आम्हाला सांगतात. काल बावीस निघाले, आज एकोणचाळीसवर गेले. दाजींनी स्वतःच्या ताटातलं मला वाढलं. साहेब लांबूनच म्हणाले, ‘ए बूडवाल्या, बोटीचं राहू दे.’

चार महिन्यांनी आज पोट दुखत नाही.

२४ फेब्रुवारी

खड्डा रिकामा झाला. एकसष्ट. कारकुनानं बासष्ट लिहिलेत, आणि तो एकदाही चुकलेला नाही, असं बाई म्हणाल्या. दाजी खाली बसले. म्हणाले, ‘पहिल्याच दिवशी पाइपचा एक तुकडा निघाला होता, गंजलेला. मातीबरोबर गाडीत टाकला.’ गाडी माझ्या भरावावर रिकामी होते. दोनदा रोलर अडखळला होता, तिसऱ्यांदा दगड समजून मीच तो कंप चालू करून बसवला. दाजींनी माझा डावा हात घट्ट धरलाय, सोडत नाहीत. एकाच हातानं लिहितोय, वही सरकतेय.