श्वास कापलेलं गाणं

दादा,

आपलं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलंय. माझ्या सिंथच्या सुरांपेक्षा तुझ्या रॅपचंच कौतुक जास्त. एका समीक्षकाने लिहिलंय, "पठ्ठ्या जराही दम खात नाही!"

खरं तर प्रत्येक ओळीआधी तू केवढा मोठा श्वास घ्यायचास. मिक्सिंग करताना मीच ते एकेक कापले. "ए कात्री, थोडे तरी ठेव की," तू म्हणाला होतास. मी ऐकलं नाही. वर कॉम्प्युटरमध्ये जागा अडते म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

तुला जाऊन महिना झाला. आई दिवसभर हेडफोन लावून बसते. परवा तिने विचारलं, "यात तो श्वास कुठे घेतो गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी शेवटी."

तेव्हापासून गाणं संपलं तरी ती हेडफोन काढत नाही.

तुझीच,
कात्री