अकरा खिडक्यांची झालर

९ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या यजमानांची कंबर आता कशी आहे? त्यांना जिने चढउतार करू देऊ नकोस. सासूबाईंना कानाचं नवं यंत्र मानवलं का, की जुन्यासारखं डबीतच ठेवतात? थोरल्याचा खोकला गेला असेल. आणि तू? तुझी चौकशी शेवटी करते म्हणून रागावू नकोस. तिथेच माझी लेखणी अडते.

पत्राला कारण तुझी लेक. तिचं कार्ड आलं. भाषेच्या बाईंनी प्रत्येकाला एकेक शब्द दिलाय, त्याचे अर्थ आणि उपयोग माणसांना विचारून जमवायचे. हिच्या वाट्याला 'झालर'. "मावशी, तुझ्याइतकं झालरीतलं कुणाला कळणार?" म्हणते. मी चौथीत शाळा सोडलेली बाई, फुगून टम्म झाले. वही घेऊन गल्लीभर हिंडले.

गादीवाला म्हणाला, "उशीच्या कडेला असते ती झालर. तुम्हीच शिवून देता आणि मलाच विचारता?" शेजारचे म्हातारे टपालमास्तर म्हणाले, "आमची ही साधी गोष्ट साधी म्हणून सांगतच नाही, झालर लावूनच सांगते." आतून काकू ओरडल्या, "आणि तुम्ही सांगता त्यात गोष्टच नसते, नुसती झालर!" नगररचनेच्या कचेरीतला कारकून तर म्हणाला, शहराच्या हद्दीला लागून वाढते त्या वस्तीला कागदोपत्री झालर क्षेत्र म्हणतात. म्हणजे आपलं दुकान इतकी वर्षं झालरीतच, आणि मला पत्ता नाही! आनंदाला दुःखाची झालर असते, हे तर येताजाता आपणही म्हणतो.

कृती मात्र मी कुणाला विचारली नाही. पट्टी दुप्पट लांबीची घ्यायची, मोठ्या टाक्याची सैल शिवण मारायची, मग एक दोरा हलके ओढून चुण्या सारख्या करायच्या. उपयोगाखाली लिहिलं, शोभेसाठी. पुढे लिहिणार होते, आखूड कापलेलं लपवण्यासाठी. तिथे हात थांबला.

कार्डाच्या शेवटी पोरीनं लिहिलंय, "आई शिवणयंत्राला हातच लावत नाही. म्हणते, माझी मापं चुकतात."

तुझं माप चुकलं नव्हतं गं.

वाचनालयाच्या त्या अकरा खिडक्या. तू स्टुलावर चढून तुझ्या नव्या टेपनं मोजल्यास, चौपन्न इंच. मी दुकानात पडदे कापले ते माझ्या जुन्या टेपनं. तिचं टोक विसकटलं तेव्हा मीच दोन इंच कापून काठ शिवून टाकला होता, आणि विसरूनही गेले होते. एरवी मोजायचे मी, कापायचे मी, तीच टेप. म्हणून कधी बाधलं नाही. पडदे आखूड निघाले, ग्रंथपाल बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माप धाकटीनं घेतलंय." तू एवढंच म्हणालीस, "ताई, मी दोनदा मोजलं होतं."

त्याच संध्याकाळी खाली जोडायला झालरीच्या पट्ट्या कापत होते. टेपच्या सुरुवातीलाच तीनचा आकडा दिसला. कापलेले ते दोन इंच आठवले. तेव्हाच तुझं घर गाठायला हवं होतं. पण पडदे लागल्यावर जो तो झालरीचं कौतुक करायला लागला, आणि मी सहा वर्षं ते करून घेत राहिले.

काल वाचनालयात जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "मला काय सांगता? जिला सांगायचं तिला सांगा."

म्हणून हे सांगते. माफ कर असं म्हणवत नाही, ते तुझं तू ठरव. लेकीला वाचून दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. पण यंत्रावरचं कापड काढ, दोन थेंब तेल घाल. तुझा हात माझ्याहून नेमका, हे मला तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून ठाऊक आहे.

चार ओळी लवकर लिही. रागाच्या असल्या तरी चालतील, नुसतं खुशालीचं मात्र लिहू नकोस.

तुझ्यावर खोटा आळ घेतलेली,
तुझीच,
ताई