भांडणाचा रकाना

९ जानेवारी

प्रिय भाऊजी यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

बारकीला अखेर मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, पोरगी मिटत चालली आहे हे तुम्ही पाहिलंच आहे. वास्तुरचनेचं शेवटचं वर्ष अर्धं टाकून घरी बसली. बसथांब्यापर्यंत जाते, बस आली की छाती धडधडते, हात बर्फ होतात, आणि ती परत येते. मनाच्या डॉक्टरांनी तपासून चिंतेचा विकार सांगितला, सोबत उदासीनता. एक गोळी दिली आणि बोलण्याच्या उपचारासाठी एका बाईंकडे पाठवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पन्नास मिनिटं.

अडचण अशी की या बाई बोलतच नाहीत. पहिल्या दिवशी मला पंधरा मिनिटं आत बसवलं होतं. तेवढ्यात त्या दोनदा ‘हं’ म्हणाल्या. मी त्यांना हं-बाईच म्हणते. बोलायचं ते बारकीनं, आणि बारकी मुळात बोलत नाही. मग दोघी आत काय करतात कोण जाणे. मी बाहेर बाकावर पुस्तक घेऊन बसते. त्याच मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ओरडण्याचे आवाज येतात ते त्यांच्या दारातून, पण पहिल्या आठवड्यात मी दोनदा हं-बाईंचं दार ठोठावलं.

वाचनालयात माझ्याकडे बांधणीला मनाच्या आजारांवरचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. शिवता शिवता वाचून काढलं. जे बोललं जात नाही ते आतल्या आत माणसाला कसं आजारी करतं, हे सगळं त्यात आहे. ते बाहेर कसं काढायचं हे पान एकशे बारापासून पुढे, आणि नेमकी तीच अठ्ठावीस पानं कुणी तरी फाडून नेली आहेत. त्यामुळे रोग मला पाठ आहे, उपाय ठाऊक नाही. तरी घरी करून पाहिलं. तिच्या खुर्चीमागे बसून बराच वेळ हं हं म्हणत राहिले. तिनं माझा घसा बसलाय का विचारलं आणि गुळण्यांना कोमट पाणी आणून दिलं. इतकी गुणी पोर आहे.

भाऊजी, नुसतं बोलून खरंच कुणी बरं होतं का? एरवी ह्यांना विचारलं असतं. आता तुम्हाला विचारते.

आहे तो लोभ तसाच राहू द्या.

तुमची वहिनी


१८ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. एवढंच शिकलो की जे मोजलं नाही, ते चालतं की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. दुकानदारालाही नाही आणि हं-बाईंनाही नाही.

सोबत तक्ता आखून पाठवतो आहे. आपणहून मागून घेतलेलं जेवण, एकटीनं घराबाहेर पडणं आणि हसणं हे अधिकात. रडणं, दार आपटणं आणि भांडण हे उण्यात. एका वेळेला एक गुण. भांडणाचा रकाना रिकामाच राहणार हे मला माहीत आहे, कारण शब्दाबाहेर न जाणारी अशी मुलगी आमच्या घराण्यात आजवर झाली नाही. दादा आणि मी तर लहानपणी भांडून जेवणाची ताटंही वेगवेगळ्या खोल्यांत घेत असू. तरी नियम म्हणून आखला आहे.

तीस जूनला अखेरची बेरीज. अधिक निघाली तर हं-बाईंना माझा नमस्कार. उणे निघाली तर तो उपचार बंद करायचा आणि बारकीनं माझ्याकडे राहायला यायचं. इथे हवा मोकळी आहे, आणि मी स्वतः तिला रोज चार किलोमीटर चालवीन. हे तुम्हाला मान्य असेल तर तसं कळवा. तिला मात्र तक्ता दाखवू नका. मापणाऱ्याला पाहिलं की माप बदलतं.

बाकी क्षेम. माझी आठवण वजन न करता ठेवावी.

आपला दीर


४ मार्च

प्रिय भाऊजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद.

तुमची अट मान्य करून बसले आणि आता जीव टांगणीला लागला आहे. तक्ता फडताळाच्या दाराला आतून चिकटवला आहे. काही शंका आहेत. फोनमध्ये बघून हसली तर तो गुण तिचा की फोनचा? मी अर्धा दिला. नाकातून नुसता श्वास सोडला आणि ओठ हलले नाहीत, त्याला पाव दिला. चूक असेल तर कापा.

पण मूळ गोष्ट चांगली नाही. गेल्या महिन्यात ती तेरा वेळा रडली. आधीची दोन वर्षं तिच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. ह्यांच्या वेळीही नाही. दार इतकं आपटते की खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका काय झालं म्हणून वर आल्या.

आणि तुमचा रिकामा रकाना भरला. तिच्या नकाशावर मी चहाचा पेला ठेवला. सात वर्षं ठेवते आहे. ती एकदम उसळली. म्हणाली, तो पेला तिला कधीच चालत नव्हता आणि मी कधी विचारलंही नाही. मी पेला हातात धरून उभीच राहिले. ठेवू कुठे तेही सुचेना. शेवटी उभ्याउभ्या पिऊन टाकला आणि कामावर गेले.

पुढची गंमत ऐका. तासाभरात ती वाचनालयात आली. पायी अकरा मिनिटांचा रस्ता आहे. बांधणीच्या खोलीच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहिलं आणि परत गेली. पुन्हा आली, पाहिलं, गेली. असं चार वेळा. ग्रंथपालांनी मला विचारलं की मुलगी परीक्षेला बसते आहे का. मी बाहेर पडण्याच्या रकान्यात चार गुण लिहून टाकले.

हं-बाईंना गाठून स्पष्ट विचारलं की यानं फरक पडतो का. चक्क सहा वाक्यं बोलल्या. पुष्कळ तरुण मुलामुलींना पडतो, सगळ्यांना नाही. मधे काही काळ जास्त बिघडल्यासारखंही वाटतं. गोळी चालू ठेवायची. घाई करू नका. बाकीची दोन वाक्यं दातांच्या मशीनमुळे ऐकू आली नाहीत.

बेरीज उणे तेवीस आहे. खोटं लिहिता येत नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.

वहिनी


१२ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

उणे सत्तावीस. ते चार गुण मी रद्द केले आहेत. दारात उभं राहून परत जाणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे.

ठरलं होतं जूनचं, पण काटा इतका वाकल्यावर जूनपर्यंत थांबणं म्हणजे मालाची नासाडी. किती शहाणी मुलगी होती, आणि दोन महिन्यांत त्या बाईंनी काय करून ठेवलं. एकतीस तारखेच्या बसनं तिला न्यायला येतो. तिची बॅग भरून ठेवा.

रागावू नये. रागावलात तर मी येईपर्यंत तो राग टिकवून ठेवावा, समोरासमोर ऐकेन.

आपला दीर


२० मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा तक्ता मला सापडला. आई लपवाछपवीत फार कच्ची आहे. फडताळ उघडताना ती आधी मागे वळून बघायची. हसण्याच्या रकान्यात ‘पाव’ वाचून मी खरीखुरी हसले, तेव्हा तो एक गुण वाढवावा. तुमचं पत्रही तिथेच होतं. म्हणून हे लिहिते आहे.

बाबा गेले त्या सकाळचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई तेव्हा कामावर गेली होती. बाबांनी मला नवा चष्मा करून दिला होता आणि डावी काच उजवीकडे बसवली होती. आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासलेल्या माणसानं. मी खूप बोलले. तुम्हाला घरातल्या कुणाकडेच नीट बघायला वेळ नाही, असंही म्हणाले. त्यांनी चष्मा पिशवीत टाकला आणि संध्याकाळी सरळ करून आणतो म्हणून सांगितलं. दुपारी दुकानातून फोन आला.

त्यानंतर मी कुणाशी भांडले नाही. तुम्ही त्याला शहाणपण म्हणत होता. मलाही तसंच वाटायचं.

मग फेब्रुवारीत हं-बाई एकदा दहा मिनिटं उशिरा आल्या. मला इतका राग आला की मी पूर्ण वेळ त्यांच्या चपलांकडे बघत बसले, पण बोलले काहीच नाही. पुढच्या वेळी माझे पाय जिन्यावरच थांबले. त्या आत जिवंत नसतील, अशी माझी खात्री झाली होती. आई मला हाताला धरून वर घेऊन गेली. त्या होत्या. सर्दी झालेली, पण जिवंत. मी रडायला लागले आणि मग ती चष्म्याची सकाळ सांगितली. त्या हं म्हणाल्या. नंतर म्हणाल्या की मी भांडले की माणूस मरतं, असं आत कुणी तरी ठरवून टाकलेलं दिसतंय. काका, तो ठराव मीच केला होता आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

म्हणून पेल्यावरून आईशी भांडून पाहिलं. चार वेळा बघून आले. चारही वेळा ती पुस्तकं शिवत होती.

तेव्हा कृपा करून न्यायला येऊ नका. आलात तर मी तुमच्याशीही भांडेन, आणि मग तुम्ही ठीक आहात का हे बघायला मला तुमच्या गावी चार फेऱ्या माराव्या लागतील. पाच तासांची बस मला अजून झेपत नाही. चष्म्याचं आईला माझं मीच सांगणार आहे.

माझ्यावरचा लोभ उण्यात धरू नका.

तुमची बारकी


२८ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

येत नाही. तिकीट परत केलं.

तराजू तपासायला घेतला की आधी दोन्ही पारडी रिकामी करून काटा मध्यावर येतो का ते बघायचं, हे मी खात्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं. तुझी दोन वर्षांची शांतता म्हणजे काटा मध्यावर, असं मी धरून चाललो. पारडी उचलून पाहिली नाहीत. एकतीस वर्षांत अशी चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याचा परवाना काढून घेतला असता.

भांडणाचा रकाना मी अधिकात हलवला आहे. दार आपटणं तूर्त उण्यातच राहील, दाराचा विचार करून.

आणखी एक. दादानं माझ्याही काचा एकदा उलट बसवल्या होत्या. मी त्याला काही बोललो नाही. आठ महिने तसाच चष्मा लावून लोकांचे तराजू तपासले. तू बोललीस ते बरोबर केलंस.

वहिनींना तुझं तू सांगितलंस की मला कळव.

तुझा काका


३० जून

प्रिय भाऊजी यांस,
वहिनीचे आशीर्वाद.

ठरल्या तारखेला हिशेब पाठवते आहे. बेरीज अधिक एकोणीस आहे, पण तिच्यावर जाऊ नका. काही दिवस ती अजून उठत नाही, गोळी चालूच आहे, आणि बसमध्ये पाच थांब्यांपलीकडे जात नाही. कॉलेज नवव्या थांब्यावर आहे. पुढच्या सत्राचा अर्ज मात्र तिनं स्वतः भरला. हं-बाईंकडेही अजून वर्षभर तरी जायचं आहे.

चष्म्याचं तिनं एप्रिलमध्ये सांगितलं. ह्यांची दुकानाची पिशवी त्या दिवशी कुणी तरी आणून दिली होती, ती मी कपाटात ठेवली आणि पुन्हा हात लावला नव्हता. पुस्तक फाटलं तर मी त्याच दिवशी शिवायला घेते. ही पिशवी मला उघडवली नाही. दोघींनी मिळून उघडली. रुमाल होता, लहान पेचकस होता, आणि चष्मा. काचा सरळ बसवलेल्या होत्या. म्हणजे दुकान उघडल्याबरोबर पहिलं काम तेच केलं असणार. बारकीनं तो लावून पाहिला. आता नंबर बदलला आहे, त्यामुळे त्यातून तिला काही नीट दिसत नाही. तरी बराच वेळ लावून बसली होती. मी त्या दिवशीचं तक्त्यात काही लिहिलं नाही. रकाना सापडला नाही.

एक रकाना मात्र मी आपणहून वाढवला, तुमची परवानगी न घेता. भांडण झाल्यावर मला बघायला यायच्या फेऱ्या. फेब्रुवारीत चार होत्या. एप्रिलमध्ये तीनवर आल्या, मग दोन. मे महिन्यात एकदाच आली, आणि आल्यासारखी गोंदाची बाटली घेऊन गेली.

आज सकाळी पुन्हा भांडण झालं, आणि चांगलं झालं. मी तिच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. ती म्हणाली, मी माणसं सोडून वस्तूंना शिस्त लावते. मीही तिला दोन शब्द सुनावले आणि कामावर आले. अकरा वाजले, आली नाही. बारा वाजले. एक शब्दकोश शिवत होते, त्यात दोनदा सुई बोटात गेली. दोन वाजता ग्रंथपालांनी विचारलं की दाराकडे काय बघताय. तीनला मी डोकं दुखतंय सांगून निघाले. अकरा मिनिटांचा रस्ता सात मिनिटांत आले.

ती जमिनीवर पालथी पडून नकाशा काढत होती. केसांत पेन्सिल, तोंडात खोडरबर, बाजूला रिकामं ताट. मी ठणठणीत आहे की नाही, याची तिला सकाळपासून आठवणही झालेली नव्हती. मान वर करून तिनं विचारलं की मी मधेच घरी कशी. मी सांगितलं, चष्मा विसरले होते. तो माझ्या नाकावर होता.

तिनं खोडरबर तोंडातून काढलं, माझ्याकडे बराच वेळ नीट पाहिलं, आणि ‘हं’ म्हणाली.

भाऊजी, तिच्या फेऱ्यांच्या रकान्यात आज शून्य लिहिलं आहे. माझी एक फेरी झाली, ती कुठे धरायची ते उलट टपाली कळवा.

लोभ इकडे पुष्कळ आहे, मोजायला बसू नका.

तुमची वहिनी