खालचा आकडा

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे हातीपायी धड आहेत. फोनवर मी 'काम कसं चाललंय' एवढंच विचारतो आणि फोन आईच्या हातात देतो, म्हणून या वेळी कागद घेतला.

काल आईनं माझं बीपी तपासलं. नर्सची नोकरी सुटून सहा वर्षं झाली, पण दिसला दंड की बांध पट्टा, ही खोड गेलेली नाही. मशीनही तेच, पाऱ्याचं. खालच्या आकड्याला तिची भुवई वर गेली आणि मला एकदम तुझी सातव्या वर्षीची सुट्टी आठवली. मीच मोजणार म्हणून तू हट्ट धरला होतास. ठोका ऐकू आला की वरचा आकडा, ऐकू यायचा थांबला की खालचा, असं आईनं पढवून स्टेथोस्कोपच्या नळ्या तुझ्या कानात घातल्या. तू तोंडाचा आ करून ऐकत होतीस. ठोके थांबले मात्र, नळ्या फेकून तू भोकाड पसरलंस, "बाबा संपले!" संपलेला माणूस समोर बसून चहात बिस्किट बुडवत होता, तरी तुझी समजूत पटेना.

तेव्हापासून कामावरून आलो की आरामखुर्चीत पडून मी जाहीर करायचो, "मी संपलोय, तासभर हाक मारू नका." तू दारात पहाऱ्याला. पोस्टमनलासुद्धा तू ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं होतंस.

तो तास फक्त माझा होता, हे मला आत्ता कळतंय. तू छताकडे बघत लोळताना दिसलीस की माझं सुरू व्हायचं, ऊठ, काहीतरी कर. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर तीस वर्षं काढलेला माणूस मी, थांबलेलं काही दिसलं की हात पान्याकडे जायचा. बारावीनंतर एक वर्ष नुसतं घरी राहू दे म्हणालीस, तर मी कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून तुझ्यापुढे ठेवला. तू रडली नाहीस, भांडली नाहीस, गपचूप सही केलीस. ती सही मला अजून दिसते.

गेल्या आठवड्यात जिन्यावर दम लागला म्हणून डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. म्हणाले, ढकलायला जोर आहे, पण ठोका झाल्यावर सैल पडून रक्त भरून घ्यायचं, ते याला नीट जमत नाही. ते चित्र काढून समजावणार होते, मीच थांबवलं. भरलाच नाही तर पंप ढकलणार काय? कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला हे मीच शिकवलं, आणि घरी नेमकं विसरलो. गोळ्या चालू आहेत, काळजीचं कारण नाही.

आता खरं सांगतो. आईच्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊकच आहे. तू दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडलीस, दिवसदिवस खोलीत पडून असतेस आणि बाबांना सांगू नकोस अशी तिला शपथ घातलीस, ते मला कळलं. मी रागावलेलो नाही. तुला माझी भीती वाटली, याचं फार वाईट वाटलं. तुझ्या पायाला भिंगरी मीच बांधली, वर नावही तेच ठेवलं. चुकलं माझं. पण आवाज थांबला म्हणून माणूस संपत नाही गं, आत भरणं चालू असतं. दुसऱ्या आरामखुर्चीचं कापड बदलून आणलंय. निघून ये. काम कसं चाललंय, हे मी विचारणार नाही. आई दारात पहारा देईल, आणि आपण दोघं तासभर संपू.

तुझाच,
रोज दुपारी संपणारा
बाबा