फुंकर मोडण्याआधीचे दोन दिवस

बुधवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला आधी घरचीच काळजी वाटणार. आईचा गुडघा दुखतो, पण जिना ती माझ्याआधी चढते आणि वर उभी राहून विचारते, "येतोयस ना रे म्हाताऱ्या?" बाबांनी मोरीचा नळ स्वतः दुरुस्त केला. तेव्हापासून तो बंद होत नाही.

दुकानात बरं चाललंय. मालक आता मला मोठ्या काचा एकट्याने कापायला देतात. गेल्या महिन्यात एकही फ्रेम तिरकी गेली नाही.

परवा मी तुला फोन केला आणि नळाबद्दल बोललो. काल केला आणि गुडघ्याबद्दल बोललो. तू दोन्ही वेळा "अजून काय?" विचारलंस, मी दोन्ही वेळा "काही नाही" म्हटलं. म्हणून हे कागदावर. भावजी सुटे भाग न्यायला इथे आलेत, उद्या परत निघतील, त्यांच्या हाती देतो. पाकिटात आईच्या औषधांची यादी आहे, असं त्यांना सांगितलंय. म्हणजे आज आणखी एक खोटं.

ताई, खेळातली तुझी वैदू, फुंकर, मोडायला नको होती.

तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मी मधलं काहीतरी गाळेन.

आपल्या ऑनलाइन खेळाचा नवा विस्तार येण्याआधी कंपनी एक चित्र सोडते आणि तोंडातून अक्षर काढत नाही. मग आम्ही त्यातले खांब, दिवे, पायऱ्या मोजत बसतो. या वेळच्या चित्रात गोल सभागृह होतं. ढालकरी, तिरंदाज, मांत्रिक, प्रत्येक वर्गाचं एक आसन, त्यावर त्याची खूण. मी ते चित्र दुकानात मोठं छापून घेतलं, फ्रेम केलं, पलंगासमोर टांगलं आणि तीन आठवडे भिंग घेऊन मोजलं. वैदूंचं आसन कुठेच नव्हतं. एक दिवा मात्र जास्त होता. म्हणून मी चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या फळ्यावर चार पानं लिहिली, की वैदूंचा वर्ग बंद होणार आणि दिवेकऱ्यांचा नवा वर्ग येणार. घोषणेआधी जुनं पात्र मोडलं तर त्याची निम्मी कमाई नव्याला मिळते, नंतर काहीच नाही. तेव्हा वैदूंनी वेळेत मोडावं, असंही लिहिलं.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. फळा चालवणाऱ्या म्होरक्याने माझं लिखाण सगळ्यात वर लावलं. मला मोजणीमास्तर म्हणायला लागले. शाळेतले वर्ग मला नववीपुढे झेपले नाहीत, हे तुला ठाऊक आहे. इथे दोन हजार माणसं मला शंका विचारत होती आणि मी एकेकाला उत्तर देत होतो, ऱ्हस्वदीर्घ तपासून.

मंगळवारी, म्हणजे चार तारखेला, माझ्या फ्रेमची काच तडकली. बदलायला दुकानात नेली. काच काढली, वरचा पुठ्ठ्याचा माउंट काढला. मालक शेजारी चहा पीत होते.

"कसला राजवाडा हा?"

"खेळातला आहे."

"तुझ्या माउंटने डावीकडची खुर्ची खाल्ली की रे. गिऱ्हाइकाचं चित्र असतं तर त्याने तुला खाल्लं असतं."

डाव्या कडेला, अंधारात, खलबत्त्याची खूण असलेलं आसन होतं. वैदूंचं. पडद्यावर ती कड इतकी काळी दिसते की कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कागदावर मात्र स्वच्छ दिसत होतं आणि ते मीच झाकलं होतं. माउंट चारी बाजूंनी बोटभर चित्र झाकतो, कडेला सही असेल तर आधी सांगा, हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो.

इथपर्यंत लिहिलं तर ही चूक म्हणून खपली असती. काल रात्री पत्राचा कच्चा मसुदा इथेच संपवला होता. तो फाडला.

तू फोन केलास गुरुवारी, सहा तारखेला. मला दोन दिवस आधीपासून ठाऊक होतं.

तू म्हणालीस, "मोडू का रे मग? नक्की ना?"

मी म्हटलं, "नक्की."

"बघ हं. फुंकर आहे ती."

"मोड गं ताई, उशीर करू नकोस."

उशीर करू नकोस हे कशाला म्हटलं, ते अजून कळत नाही. तू विचारलंही नव्हतंस. तू फळा वाचत नाहीस, "घरचाच ज्योतिषी असताना कशाला वाचू" म्हणतेस. दोन हजारांतली तू एकटीच माझ्या चार पानांवर नाही, माझ्या शब्दावर गेलीस.

आणि फुंकर काय होती, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी तुला हलू नकोस म्हटलं होतं, त्या सात महिन्यांत तू तिला वाढवलंस. कुशीवर झोपून, एका हाताने. ओळखीच्या नसलेल्या माणसांच्या जखमा भरत बसायचीस. ते सगळं संपलं, तुम्ही दोघं दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आलात, त्यानंतर तू कुणाशी बोलत नव्हतीस, पण फुंकर रोज यायची. मी तिच्यापुढे ढाल धरून उभा असायचो. आपण त्यावर कधी बोललो नाही. आजही मला नीट लिहिता येत नाहीये.

तरी मी नक्की म्हटलं. कारण त्याच संध्याकाळी म्होरक्याने निरोप धाडला होता, "मास्तर, दुसरा भाग तुम्हीच लिहायचा, दुसरं कोण आहे?" एवढ्यासाठी. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आज दुपारी मी फळ्यावर सगळं लिहिलं, चार तारखेसकट. माउंट काढलेल्या चित्राचा फोटो लावला. तुझ्याशिवाय एकेचाळीस जणांनी वैदू मोडले होते. एकाने लिहिलं, "मास्तर, आता घरी बसून स्वतःची बोटं मोजा." म्होरक्याने माझं नाव काढून टाकलं आणि खाली एवढंच लिहिलं, "चूक माफ होती. दोन दिवस नाही." बरोबर लिहिलंय.

आता नीट वाच. मोडलेलं पात्र दहा दिवस परत मागता येतं. तुझे दहा दिवस रविवारी, सोळा तारखेला दुपारी बाराला संपतात. हे पत्र तुला उद्या संध्याकाळी मिळेल. खेळ उघड, "माझी पात्रं" मध्ये जा, सगळ्यात खाली "मोडलेली" असं आहे, तिथे फुंकर असेल. "परत घ्या" दाब. ते तुझ्या खात्यातूनच करावं लागतं, नाहीतर मी कधीच केलं असतं. दिवेकऱ्यासाठी राखलेली निम्मी कमाई जाईल, जाऊ दे, तो कुणीच नव्हता.

भावजींना मी स्वतः सांगेन, उद्या गाडीत बसवताना. यादीचं खोटंही सांगेन.

आधी तिला परत घे, मग माझ्यावर चीड. उलट करू नकोस, ताई. तुझ्या रागाला मुदत नाही, तिला आहे.

तुझा म्हणायचं की नाही हे तुझ्यावर सोडून,
धाकटा