कॅप्टनसाहेबांच्या खांद्याचं माप

ताडकळस, २१ ऑगस्ट १९८३

प्रिय भुजंगराव,

तुमच्या दाजीचा, म्हणजे रंगनाथ टेलरचा, ताठ मानेनं नमस्कार. पेडगावी सगळे खुशाल असतील. सासूबाई नर्मदाबाईंचे गुडघे कसे आहेत? (त्यांच्या प्रकृतीचा विषय पत्राच्या शेवटी पुन्हा येणार आहे, तेव्हा पत्र पूर्ण वाचा.) तुमची बहीण पंचफुला मजेत आहे.

कपाशीवर औषध मारायला आमच्या माळावर दोन माणसांचं विमान आलंय, हे तुमच्या कानावर असेलच. ते चालवणारे कॅप्टनसाहेब उंचीनं माझ्याहून कमी, आणि विमानाच्या खुर्चीला माणूस बांधायचे खांद्यावरचे पट्टे कुण्या धिप्पाड माणसाच्या मापाचे. ते गळ्याला काचायचे म्हणून साहेब कंबरपट्टा तेवढा बांधायचे आणि खांद्याचे पट्टे मागं टाकून द्यायचे. गेल्या महिन्यात उतरताना चाक खळग्यात गेलं, साहेबांचं कपाळ समोरच्या घड्याळांवर आपटलं आणि पाच टाके पडले. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं.

मी टेप घेऊन गेलो, साहेबांना ताठ उभं केलं, माप घेतलं आणि दोन दिवसांत पट्टे नव्यानं शिवून दिले. साहेब आत बसून बघतात तर पट्ट्याखाली अख्खी मूठ जाते. (यात दोष माझा नाही, सवयीचा. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय. बुटका माणूस समोर आला की हात आपोआप वाढत्या अंगाचं चार बोटं जास्त धरतो. साहेब पंचेचाळिशीचे आहेत, हे ध्यानातच आलं नाही.) शिवाय बसलेल्या माणसाचा खांदा उभ्या माणसाच्या खांद्याजागी नसतो, हेही तेव्हा कळलं.

मग मात्र साहेबांना विमानातच बसवलं आणि सगळ्या दांड्यांपर्यंत हात पुरवायला लावले. विमानाच्या मिस्त्रीकडून पट्टा अडकवायची मागची कडी खाली सरकवून घेतली, पट्टा गळ्यापासून दूर खांद्याच्या मधोमध आणला आणि मेणदोऱ्यानं चौकोनात फुली मारून शिवला. सरकीचं पोतं त्यात बांधून चार गड्यांनी ओढलं. पोतं फाटलं, पट्टा नाही.

परवा शुक्रवारी चाक त्याच खळग्यात गेलं. विमान नाकावर उभं राहिलं. साहेब भांग न विस्कटता खाली उतरले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "रंगनाथराव, आज तुमच्यामुळे घरी जातोय." भुजंगराव, मला रडू आलं. (लोकांना डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं.) दुकानाच्या पाटीवर 'विमानाचे टेलर' असं रंगवून घ्यायला टाकलंय.

तुमचा दाजी,
रंगनाथ

ता. क. मागच्या खुर्चीचा पट्टा मी माझ्याच मापानं शिवला होता. साहेबांनी मान म्हणून, विमान दुरुस्त झालं की येत्या २९ला, सोमवारी, मला त्यात बसवून गावावरून फिरवायचं ठरवलंय. गावभर बोभाटा झालाय. मला झोपाळ्यावरसुद्धा चक्कर येते, हे तुम्ही जाणताच. तेव्हा रविवारच्या आत सासूबाई अत्यवस्थ असल्याची तार करा.

ता. क. दुसरा. तार करू नका. पत्र दोन दिवस पाकिटातच राहिलं आणि पंचफुलाच्या हाती लागलं. आईचं नाव वाचूनही ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "तुमी नका बसू. मी बसते. तुमच्या शिवणीवर माजा भरोसा हाय." साहेबांनीही होकार दिलाय. तेव्हापासून तिच्या मापाचा पट्टा तीनदा उसवून शिवला. वाढत्या अंगाचं अर्धं बोटही ठेवलं नाही. सोमवारी तुम्ही मात्र नक्की या. ती वर असेल तेवढा वेळ खाली माझा हात धरायला कुणीतरी पाहिजे.